पेट्रोल भागिले चार: भाईंदरपाडा ते महापे, एका गाडीच्या हिशेबाचे प्रकरण

आमच्या वहीत माणसांची नावे नाहीत, थांब्यांची आहेत. भाईंदरपाडा, ओवळा, मानपाडा, माजिवडा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून आम्ही चौघे रोज सकाळी एका गाडीने नवी मुंबईत महापेला जातो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परततो. गाडी भाईंदरपाड्याच्या काकांची. ओवळ्याला चढणारी मुलगी आमच्यात सर्वांत लहान, कंत्राटी नोकरीवर आहे. मानपाड्याला मी चढते, माजिवड्याला सर. लेखा विभागात आयुष्य गेल्यामुळे वही आपसूक माझ्याकडे आली.

जून २०२५ पर्यंत ह्या वहीत फार काही लिहावे लागत नव्हते. जाऊन येऊन ५६ किलोमीटर. काकांची जुनी पेट्रोल गाडी ह्या रहदारीत लिटरला १४ किलोमीटर द्यायची, म्हणजे रोजचे चार लिटर. लिटरला १०४ रुपये धरले की ४१६, भागिले चार, प्रत्येकी १०४. महिनाअखेरीस कामाचे दिवस मोजायचे, गुणायचे, पैसे पाठवायचे. टायर, विमा, सर्व्हिसिंग हे सगळे काका सोसत. आपण तर रोज जाणारच आहोत, पेट्रोलला तिघांचा हातभार लागतो, मग बाकीचे माझे, असे त्यांचे म्हणणे. कोणी कधी तक्रार केली नाही.

जूनमध्ये काकांनी बारा वर्षांची ती गाडी काढली आणि इलेक्ट्रिक घेतली. पहिल्या महिन्याचा हिशेब करायला बसले आणि माझा हात थांबला. गाडी युनिटला सात किलोमीटर चालते, म्हणजे दिवसाला आठ युनिट. सोसायटीतल्या चार्जिंगचे युनिटला १० रुपये धरले तर दिवसाचे ८०. भागिले चार, प्रत्येकी २० रुपये.

गाडी तीच माणसे नेत होती, तेच ५६ किलोमीटर कापत होती, तेच खड्डे खात होती, आणि आमचा वाटा १०४ वरून २० वर आला होता. पूर्वी तिघांचे मिळून ३१२ रुपये काकांकडे जात, आता ६०. काका काही बोलले नाहीत. पण नव्या गाडीच्या विम्याचा हप्ता आणि टायरची किंमत त्यांनी सहज म्हणून सांगितली, तेव्हा मला कळले की पेट्रोल हे आमच्या हिशेबात नुसते इंधन नव्हतेच. गाडी किती वापरली याचे ते माप होते. ते माप गेल्यावर वापर तसाच राहिला आणि मोजायचे कशाने हा प्रश्न उरला.

हाच प्रश्न सरकारपुढेही आहे: पेट्रोल खपले नाही की त्यावरचा कर जातो, मग रस्त्याचे पैसे किलोमीटर मोजून घ्यायचे का? आमच्या गाडीत त्याची चर्चा काही महिने चालली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

चार लिटरांत किती रस्ता होता

इंधनावर कर बसवून रस्त्याचा खर्च काढायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९१९ मध्ये गॅलनला एक सेंट असा पेट्रोलवर कर बसवला, तो तिथला पहिला. कल्पना साधी आणि सोयीची. जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल भरतो. जड गाडी जास्त पिते, म्हणून जास्त देते. वसुलीला माणूस नेमायला नको, कर किमतीतच असतो. कोण कुठे गेले हे कोणी विचारत नाही. आमचा ‘भागिले चार’ नेमका ह्याच कारणांनी इतकी वर्षे चालला.

सरांनी एकदा गाडीतच विचारले, “आपण चार लिटर भरायचो, त्यातला कर किती होता हो?” मी रात्री बसून काढला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवले, तेव्हा ते लिटरला २१ रुपये ९० पैसे झाले. राज्याचा मूल्यवर्धित कर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत २६ टक्क्यांवरून २५ वर आला तो २०२४ मध्ये, आणि त्यावर लिटरला ५ रुपये १२ पैसे वेगळे. त्या वेळच्या दराला हे साधारण २५ रुपये होतात. दोन्ही मिळून लिटरमागे सुमारे ४७. म्हणजे काकांची जुनी गाडी किलोमीटरला सव्वातीन रुपयांहून थोडा जास्त कर भरत होती. बावीस दिवसांच्या महिन्याला ८८ लिटर, कर चार हजारांच्या वर.

सर लगेच म्हणाले, “म्हणजे काकांनी रस्त्याचे चार हजार बुडवले!” काका हसले, पण त्यांना ते लागले असावे. आणि हा आरोप चुकीचाही आहे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्या २१ रुपये ९० पैशांची फोड करून आणली. मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये. शेतीच्या पायाभूत सुविधांसाठीचा उपकर अडीच रुपये. आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर फक्त ५ रुपये. तोही ज्या निधीत जातो, त्याचे नाव पूर्वी केंद्रीय रस्ते निधी होते. २०१८ मध्ये कायदा बदलून ते रस्ते व पायाभूत सुविधा निधी झाले आणि रस्त्यांखेरीज इतर कामेही त्यात आली.

तेव्हा रस्त्याच्या नावाने लिटरला ५ रुपये, म्हणजे चौदा किलोमीटरला ५ रुपये, म्हणजे किलोमीटरला ३६ पैसे. बाकीच्या जवळजवळ तीन रुपयांपैकी शेतीच्या उपकराचे काही पैसे सोडले तर सगळे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीसाठी होते. शाळा, पगार, कर्जावरचे व्याज, सगळे त्यातून चालते, त्याला माझी हरकत नाही. पण ‘इलेक्ट्रिक गाडीवाले रस्ता फुकट वापरतात’ असे म्हणताना कुठला आकडा धरायचा, ३६ पैसे की सव्वातीन रुपये, हे आधी सांगायला हवे. माझ्या मते ह्या विषयावरचे निम्मे भांडण ह्या एका आकड्याच्या संदिग्धतेतून येते. सरकारला सव्वातीन रुपयांची भरपाई हवी असेल तर तो रस्त्याच्या वापराचा आकार नसून महसूल आहे, आणि तसे उघड म्हणावे.

काकांची बाजूही नोंदवते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला खरेदीच्या वेळी ११ टक्के एकरकमी वाहनकर द्यावा लागतो. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. काकांनी गाडी घेतल्यावर, ऑगस्ट २०२५ पासून, अटल सेतूवरचा टोलही माफ झाला. ह्या सवलती धूर कमी व्हावा म्हणून मुद्दाम दिल्या आहेत आणि अशा सवलतींकडे पाहूनच काकांसारख्या माणसाने निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना कर्ज काढले. आज बोलावून घ्यायचे आणि उद्या मीटर लावायचा, हे बरोबर नाही. न्यूझीलंडने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिथे डिझेल गाड्यांना १९७८ पासून किलोमीटरने आकार आहे. मालक हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घेतो आणि तसे लेबल काचेवर लावतो. इलेक्ट्रिक गाड्यांना त्यातून माफी होती, ती ३१ मार्च २०२४ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून हजार किलोमीटरला तिथले ७६ डॉलर लागू झाले. आपल्या रुपयांत किलोमीटरला चारच्या आसपास. रक्कम लहान नाही. पण तिथे पेट्रोलवरचा कर मुख्यतः रस्ते-वाहतुकीच्या निधीतच जातो, म्हणून दोन्हींची तुलना सरळ होते. आपली होत नाही.

सहा रुपये, आणि ओवळ्याचा प्रश्न

आमच्यापुरता निर्णय सोपा गेला. चार्जिंग, विमा, टायर, देखभाल आणि गाडीची झीज धरून किलोमीटरला ६ रुपये ठरले. दिवसाचे ३३६. पूर्वीच्या ४१६ पेक्षा कमीच, त्यामुळे कोणाला जड गेले नाही. सरकारला अशी सोय नाही, त्याने दर ठरवला की कोणाचा तरी खर्च वाढणारच.

मग सरांनी मुद्दा काढला: किलोमीटरनेच मोजायचे, तर प्रत्येकाचे किलोमीटर मोजा. मी माजिवड्याला चढतो, माझे ३६ होतात. ओवळ्याचे ५४, मानपाड्याचे ४४, काकांचे ५६. सगळे मिळून १९०. ३३६ भागिले १९०. बरोबर होते. मी मांडले. सरांचे ६४ झाले, माझे ७८, आणि ओवळ्याचे ९५. समान वाटणीत तिचे ८४ होते.

ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कापूरबावडीला गाडी अडकली असताना म्हणाली, “ताई, मी लांब राहते ते हौसेने नाही. माजिवड्याचं भाडं मला झेपत नाही म्हणून ओवळ्याला आले. आता लांब राहते म्हणून परत जास्त द्यायचे?”

मला ह्या वाक्याचे उत्तर अजूनही पूर्ण सापडलेले नाही. पेट्रोलवरच्या करातही लांब राहणारा जास्तच देतो, फक्त ते दिसत नाही. तिथे जुनी, कमी ॲव्हरेजची गाडी असलेला सर्वांत जास्त देतो, आणि जुनी गाडी बहुधा कमी पगारवाल्याकडेच असते. तेव्हा किलोमीटरचा आकार आला म्हणजे गरिबावर नवा अन्याय झाला असे सरसकट म्हणता येत नाही. पण तो दिसायला लागतो, आणि दिसला की माणूस विचारतो. विचारलेच पाहिजे. ठाण्यात घर घेताना लोक माजिवड्यापासून सुरू करतात आणि बजेट संपते तिथे थांबतात. वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख ही नावे त्या उतरत्या बजेटची आहेत. अंतरावर कर म्हणजे थोडाफार ह्या उतरंडीवर कर.

तोडगा काकांनी काढला. म्हणाले, “गाडी भाईंदरपाड्याहून निघतेच. मानपाड्यापर्यंत ओवळ्याची सीट भरली काय, रिकामी राहिली काय, माझा खर्च तोच. तिचे मानपाड्यापासून मोजा.” मी पुन्हा मांडले: ५६, ४४, ४४, ३६. काकांचे १०५ रुपये, ओवळा आणि मी ८२ प्रत्येकी, सर ६७. सरांचे तीन रुपये वाढले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि मान डोलावली.

सरकारी भाषेत ह्याला सूट म्हणतात. अंतराचा पहिला टप्पा माफ. ही कल्पना आपल्याकडे अगदी परकी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काचे नियम बदलले, तेव्हा उपग्रहावर आधारित टोल असलेल्या गाड्यांना दिवसाला प्रत्येक दिशेने २० किलोमीटरपर्यंतचा प्रवास माफ असेल असे त्यात लिहिले गेले.

सोमवारचा फोटो

किलोमीटर मोजायचे कसे, ह्यावर आमच्यात सर्वांत जास्त ताणाताण झाली. सरांनी एक ॲप सुचवले. सगळ्यांच्या फोनवर टाकायचे, कोण कुठे चढले, कुठे उतरले, आपोआप नोंद. मला ते आवडले होते, वहीचे काम संपले असते. ओवळ्याने साफ नकार दिला. ती आठवड्यातून दोनदा कोर्ट नाक्याला उतरते. कशासाठी, ते आम्हाला माहीत नाही, आणि तिला ते सांगायचे नाही. “मी किती अंतर बसले ते विचारा. कुठे उतरले ते कशाला?”

ह्या चार शब्दांत ह्या सगळ्या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते. रस्ता किती वापरला हे समजायला गाडी कुठे होती हे समजण्याची गरज नसते. ओडोमीटर, म्हणजे गाडी एकूण किती चालली ते दाखवणारा मीटर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहतो. ओरेगॉनने १ जुलै २०१५ ला इंधनाऐवजी मैलावर आकार घेणारी ऐच्छिक योजना सुरू केली, मैलाला दीड सेंट. त्यात भरलेला इंधनकर वळता करून मिळतो, आणि उपग्रहाने जागा न नोंदवणारे यंत्र निवडायची मुभाही मालकाला आहे. हे दोन्ही मुद्दे मला दराहूनही महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे नव्या व्यावसायिक प्रवासी गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून ठिकाण सांगणारे यंत्र बंधनकारक झाले, ते प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. खासगी गाडीचा कर वसूल करायला तेच यंत्र वापरायचे झाले, तर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, त्याला सामोरे जावे लागेल. कमी माहितीत काम होत असेल तर जास्त माहिती का घेता, हा प्रश्न न्यायालयही विचारेल.

आम्ही ठरवले: दर सोमवारी सकाळी काका डॅशबोर्डचा फोटो ग्रुपवर टाकतील. बस. कामाच्या फेऱ्या वहीत, बाकी काकांचे स्वतःचे फिरणे, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

राज्याला मात्र सोमवारचा फोटो पुरणार नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याचा धंदा सर्वांना माहीत आहे. रीडिंग कोणीतरी तिऱ्हाईताने घ्यायला हवे. मला आधी पीयूसी केंद्र सुचले, पण बॅटरीच्या गाडीला पीयूसी लागतच नाही, म्हणजे जिचे मोजायचे तीच तिथे येणार नाही. मग विमा. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये गाडी चालेल तसा हप्ता घ्यायला परवानगी दिली आणि अशा बऱ्याच पॉलिसींत ओडोमीटरचे रीडिंग घेतले जाते. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी, ते घेता येईल. विमा न काढलेल्या दुचाकी रस्त्यावर कमी नाहीत, तिथे ही युक्ती लंगडी पडते. तरी चारचाकींपासून सुरुवात करायला हरकत नसावी.

किलोमीटर सांगत नाही ते

पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरले की कळव्यावरून ऐरोलीला जाणारा रस्ता बंद पडतो. मग आम्ही मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलावर जातो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपर्यंत तिथे हलक्या गाड्यांना ४५ रुपये टोल होता, म्हणून कळव्याच्या कोंडीत तासभर बसायची आमची तयारी असे. टोल माफ झाला आणि बंद रस्त्याची वाट न पाहताही आम्ही पूल धरू लागलो. एखाद्या जागी पैसे लावले की माणूस ती जागा चुकवतो आणि गर्दी शेजारच्या रस्त्यावर जाते. सपाट किलोमीटर दराला हा दोष नाही.

पण त्याला दुसरा आहे. गायमुख घाटाच्या बाजूला काम निघाले की काकांची जुनी गाडी तासभर जागेवर उभी राहून पेट्रोल जाळायची आणि त्यावर कर भरायची. म्हणजे पेट्रोलचा कर न कळत कोंडीचेही थोडे पैसे घेत होता. ओडोमीटर थांबलेल्या गाडीचे काही मोजत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. घोडबंदर रस्ता आमच्यासारख्यांच्या गाड्यांनी फुटत नाही. न्हावा-शेव्याच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर तो फोडतात. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर भारलेल्या गाड्या फिरवल्या होत्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. एक टनाच्या ॲक्सलपेक्षा दहा टनांचा ॲक्सल दहापट नाही, दहा हजारपट झीज करतो. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे थोडी जड असते म्हणून तिच्याकडून जास्त घ्या, असे सांगणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. किलोमीटरचा दर आणायचाच तर पहिला मान कंटेनरचा आहे. त्यांचे मालक भाडे वाढवतील, भाजी महागेल, हे मला कळते. पण आज ती किंमत वाघबीळच्या खड्ड्यात दुचाकीवरून पडणारा भरतो आहे.

आणि वसूल करणार कोण? आपल्या राज्यघटनेत वाहनांवरचा कर आणि टोल राज्यांकडे आहेत, पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क केंद्राकडे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवर किलोमीटरला अडीच सेंट लावले आणि १८ ऑक्टोबर २०२३ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण हा उत्पादन शुल्काचा प्रकार आहे आणि तो अधिकार राज्याचा नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांकडून मैलाला तीन पेन्स घ्यायचे जाहीर केले. आपल्याकडे केंद्र आणि राज्य दोघेही ह्या एकाच लिटरवर जगतात. दोघांनी वेगवेगळा मीटर लावला आणि पेट्रोलवरचा करही तसाच ठेवला, तर पेट्रोलवाल्याकडून एकाच रस्त्याचे दोनदा पैसे जातील. ओरेगॉनसारखी वळती वजावट कायद्यात लिहिलेली नसेल तर मी ह्या आकाराच्या विरोधात उभी राहीन, आणि ओवळ्याची मुलगी माझ्या शेजारी असेल.

मी काकांना ३६ पैशांचा हिशेब काढून दिला होता. महिन्याला १,२३२ किलोमीटर, ४४४ रुपये. ते म्हणाले, “एवढे द्यायला माझी ना नाही. फक्त ते ह्याच रस्त्यावर खर्च झालेले मला दिसू देत.”

मागच्या महिन्यात सरांची बदली झाली. त्यांच्या जागी कापूरबावडीचा एक जण आला आहे. त्याच्याकडे सीएनजी गाडी आहे आणि आठवड्यातून दोन दिवस ती काढायची त्याची तयारी आहे. सीएनजीवर राज्याचा कर एप्रिल २०२२ पासून तीनच टक्के आहे, त्यामुळे दर पुन्हा बसवावा लागेल. त्याने विचारले, “किलोमीटरचा फोटो मीही टाकायचा का?” ओवळ्याने मागच्या सीटवरून सांगितले, “हो, सोमवारी. फक्त मीटरचा.”